इंग्रजीची परीक्षा: पैसे भरण्यापूर्वी माप विचारा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास आमच्या ओळखीचे एक जॉबर दुकानात आले. मालेगावात तीस वर्षे त्यांनी माग दुरुस्त केले आहेत. हातात मुलाच्या निकालाचा कागद होता. मुलगा बी.कॉम. झालेला, पुढील शिक्षणासाठी ब्रिटनमधील एका विद्यापीठात त्याने अर्ज केलेला. जॉबर म्हणाले, "शेठ, नऊपैकी साडेसहा मिळाले. सगळे म्हणतात गुण चांगले आहेत. पण विद्यापीठ म्हणते, हा कागद चालत नाही. जरा बघता का?"

आम्ही चष्मा लावून कागद वाचला. परीक्षा आयईएलटीएस होती. गुणही खरोखर चांगले होते. पण कागदावर 'जनरल ट्रेनिंग' असे छापलेले होते. या परीक्षेचे दोन प्रकार आहेत. विद्यापीठातील प्रवेशासाठी 'अकॅडेमिक' लागते. 'जनरल ट्रेनिंग' मुख्यतः कामासाठी किंवा स्थायिक होण्यासाठी परदेशी जाणाऱ्यांची. फी दोहोंची सारखीच. फॉर्म भरताना एका चौकटीवर खूण करायची असते, ती भलत्या चौकटीवर झाली. फॉर्म मुलाने भरला नव्हता, एजंटाने भरून दिला होता. सतरा हजारांवर रुपये गेले. एजंटाचे उत्तर एवढेच की पुन्हा भरा.

येथे एक गोष्ट आधीच कबूल केली पाहिजे. त्या एजंटाकडे जॉबरना पाठवले होते आम्हीच. बाजारात त्याचे नाव ऐकले होते, म्हणून सांगून मोकळे झालो. सुताची एक गोणी घ्यायची तर आम्ही काउंट तपासून घेतो. येथे एका कष्टकऱ्याच्या घामाचे पैसे होते आणि आम्ही काहीच तपासले नाही. त्या दिवसापासून या परीक्षांची माहिती आम्ही जमेल तशी गोळा केली. घरची मुले, त्यांचे शिक्षक आणि परदेशी असलेले नातलग यांना विचारून आणि कागद वाचून जे समजले, ते व्यापारी व कारीगर बांधवांपुढे ठेवत आहोत.

आम्ही काही इंग्रजीचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. राज्यातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, तेव्हा आम्हाला दुकानात बसून दहा-बारा वर्षे झाली होती. मराठी आम्ही गिऱ्हाइकांकडून शिकलो आणि इंग्रजी बिल्टी, बिले व बँकेच्या फॉर्मांवरून. वाचता येते, पण बोलताना जीभ अडते. म्हणूनच आपल्या मुलांची जीभ अडू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

हे माप आहे, माल नव्हे

आपल्या देशात गज जाऊन मीटर आला, तो १९५६ च्या कायद्यानंतर. आमचे वडील सांगत की सुरुवातीला प्रत्येक सौद्यात वाद होई. गिऱ्हाईक गज मागे, दुकानदार मीटर दाखवी. कापड तेच, पण माप ठरलेले नसेल तर सौदा अडतो. इंग्रजीच्या परीक्षांचे आज नेमके असेच झाले आहे. अनेक मापे बाजारात आहेत आणि प्रत्येक गिऱ्हाईक आपापले माप मागत आहे.

मुख्य मापे अशी. टोफेल ही अमेरिकन परीक्षा १९६४ पासून चालू आहे. आयईएलटीएस १९८९ पासून आहे, तिचे गुण शून्य ते नऊ असे असतात. पीटीई ही पीअर्सन कंपनीची परीक्षा २००९ मध्ये आली. ती केंद्रात जाऊन संगणकावर द्यावी लागते आणि गुण दहा ते नव्वद असे असतात. ड्युओलिंगोची परीक्षा घरी बसून देतात, सुमारे तासाभरात संपते आणि गुण दहा ते एकशेसाठ असे असतात. टोफेलचे गुण अनेक वर्षे एकशेवीसपैकी सांगत. जानेवारी २०२६ पासून तिने एक ते सहा अशी नवी पट्टी घेतली आहे.

आता कोणी सांगितले की मुलाला सहा गुण मिळाले, तर आपण काय समजावे? आयईएलटीएसमध्ये सहा म्हणजे मध्यम, टोफेलच्या नव्या पट्टीत सहा म्हणजे सर्वोच्च. या गोंधळावर एक उपाय आहे. युरोपच्या परिषदेने २००१ साली भाषेच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. बहुतेक परीक्षा आपले गुण या पायऱ्यांशी जुळवून दाखवतात. आयईएलटीएसचे साडेपाच ते साडेसहा म्हणजे साधारण बी-२, आणि सात ते आठ म्हणजे सी-१. मुलाने कोणतीही परीक्षा निवडो, आपण त्याला विचारावे की ही कोणती पायरी आहे आणि समोरच्याने कोणती मागितली आहे. एवढा प्रश्न विचारायला इंग्रजी यावे लागत नाही.

माप विकत घेतल्याने कापडाचा पन्हा वाढत नाही. पण आपल्या वस्त्यांत सध्या उलटे चालले आहे. इंग्रजी शिकण्यावर शंभर रुपये खर्च करताना बाप विचार करतो आणि परीक्षेच्या फीसाठी मात्र उसने काढतो. पहिल्या वेळी गुण कमी आले की पुन्हा फी, पुन्हा परीक्षा. दोन परीक्षांमध्ये मुलाने काय शिकले, हे कोणी विचारत नाही. ताका फोल्डिंगमध्ये नापास झाला तर आपण मागावर जाऊन दोष शोधतो. तोच ताका दुसऱ्या टेबलावर पुन्हा मोजून पाहत नाही.

कोणते माप कोठे चालते

घरी बसून देण्याच्या परीक्षांना खरी चलती आली ती २०२० च्या कोरोना साथीत. केंद्रे बंद पडली, तेव्हा अनेक विद्यापीठांनी ड्युओलिंगो स्वीकारली आणि टोफेलनेही घरून देण्याची सोय केली. अमेरिका आणि कॅनडामधील बरीच विद्यापीठे आजही अशा परीक्षा मान्य करतात. ड्युओलिंगोची फी सत्तर डॉलरच्या आसपास, म्हणजे आयईएलटीएसच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि निकाल साधारण दोन दिवसांत येतो. गरीब घरातील मुलाला ही मोठी सवलत आहे, यात शंका नाही.

तथापि विद्यापीठ एक आणि सरकार दुसरे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. प्रवेश विद्यापीठ देते, व्हिसा सरकार देते, आणि दोघांचे माप एकच असेल असे नाही. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसासाठी सरकारने ठराविक परीक्षा लावलेली नाही, तेथे विद्यापीठाचा शब्द मुख्य. ब्रिटनमध्ये पदवी व त्यावरील शिक्षणासाठी विद्यापीठाला इंग्रजीची खात्री आपल्या पद्धतीने करून घेता येते. पण पदवीखालच्या अभ्यासक्रमांना आणि नोकरीच्या व्हिसाला परीक्षा द्यायची, तर ती सरकारने मान्य केलेली आणि सरकारमान्य सुरक्षित केंद्रात दिलेलीच लागते. घरी दिलेली तेथे चालत नाही. ब्रिटनच्या या कामासाठी आयईएलटीएसचीही वेगळी नोंदणी असते, साधी आयईएलटीएस दिली तर कागद परत येऊ शकतो. ऑस्ट्रेलियाचे सरकारही व्हिसासाठी घरी दिलेली परीक्षा मानत नाही. कॅनडात विद्यापीठ ड्युओलिंगो घेते, पण तेथे कायम राहण्याच्या अर्जाला ती उपयोगी पडत नाही.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी आणखी एक बदल लक्षात घ्यावा. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पूर्वी बी-१ ही पायरी पुरत असे. ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांना बी-२ लागते. ऐकायला एकाच पायरीचा फरक आहे. पण ज्याने शाळेत इंग्रजी फक्त पाठ करून पास केली, त्याच्यासाठी या एका पायरीला वर्षभराची मेहनत लागू शकते. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याचा अनुभव ऐकून आज पैसे भरू नयेत, ते यासाठीच.

या निकालांना मुदतही असते. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई आणि ड्युओलिंगो या चारही परीक्षांचे गुण दोन वर्षेच धरले जातात. मुलगा बारावीत असतानाच परीक्षा देऊन ठेवली आणि पदवीनंतर अर्ज केला, तर तो कागद रद्दी झालेला असतो. कापड वखारीत पडून जुने होते, हे आपल्याला माहीत आहे. हा कागद त्याहून लवकर जुना होतो.

आणि परीक्षा लागतेच का, हेही विचारावे. ज्याची पदवी इंग्रजी माध्यमातून झाली आहे, त्याच्याकडून काही विद्यापीठे महाविद्यालयाचे तसे पत्र घेऊन परीक्षेची अट सोडतात. जे काम महाविद्यालयाच्या एका पत्राने होत असेल, त्यासाठी सतरा हजार कशाला खर्च करायचे?

घरातली परीक्षा आणि मागाची खटखट

आमच्या पुतण्याची मुलगी हुशार आहे. तिने घरून देण्याची एक परीक्षा निवडली. खर्च कमी, शिवाय दूरच्या शहरात जाण्याचा त्रास नाही, म्हणून घरातील सर्वांना ती पसंत पडली. आता अशा परीक्षेत काय असते? खोलीत एकटेच बसावे लागते. संगणकाचा कॅमेरा आणि मायक्रोफोन सगळे टिपत असतात. नजर पडद्यावरून इकडे तिकडे गेलेली चालत नाही, दुसऱ्या कोणाचा आवाज आलेला चालत नाही, आणि कोणी आत आले तर परीक्षा बाद होऊ शकते.

मुलगी वरच्या खोलीत बसली. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे माग चालू. तिने बोललेले यंत्राला किती ऐकू गेले, अल्लाह जाणे. अर्धा तास झाल्यावर तिची आई दबक्या पावलांनी चहाचा कप ठेवून गेली. बिचारीने मायेनेच केले. दोन दिवसांनी कळले की परीक्षा मान्य झालेली नाही, खोलीत दुसरी व्यक्ती आढळली. आई आठवडाभर रडत होती.

दुसऱ्या वेळी मुलीनेच युक्ती काढली. आपल्याकडे शुक्रवारी माग बंद असतात. तिने शुक्रवारची दुपार निवडली. घरातील सारे खाली थांबले, दाराला आतून कडी लावली, इन्व्हर्टर आधी तपासला, आणि शेजारच्या मुलांना सांगून ठेवले की तासभर गल्लीत क्रिकेट नको. परीक्षा सुरळीत झाली आणि गुणही हवे तेवढे मिळाले.

या गोष्टीत बोध आहे. घरची परीक्षा ज्याचे घर शांत, ज्याला स्वतंत्र खोली आणि ज्याची वीज भरवशाची, त्यालाच सोपी. दोन खोल्यांत आठ माणसे राहतात, तेथे स्वस्त परीक्षाही महाग पडते. परीक्षा घेणाऱ्यांनी नियम कोणाच्या वैरासाठी केलेले नाहीत, नक्कल रोखण्यासाठीच केले आहेत. पण ते नियम पाळता येतील अशी जागा मुलाला मिळवून देणे हे आपले काम आहे.

मुलींच्या बाबतीत एक सूचना. अशा परीक्षांत चेहरा स्पष्ट दिसावा लागतो, आणि कानात काही यंत्र नाही हे पाहण्यासाठी कानांबाबतही नियम असतात. ओढणी किंवा हिजाब घेणाऱ्या मुलींनी त्या त्या परीक्षेचा नियम आधी वाचावा, शंका असल्यास लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. पैसे भरल्यावर ऐन वेळी घाबरण्यापेक्षा हे बरे. ज्यांना ते अवघड वाटते, त्यांनी केंद्रात जाऊन देण्याची परीक्षा निवडावी. तेथे ओळख पटवण्याचे काम महिला कर्मचाऱ्याकडून होईल का, हेही आधी विचारून घेता येते.

नोकरी देणाऱ्यांचे माप

विद्यापीठांप्रमाणेच कंपन्याही आता इंग्रजी मोजून घेतात. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरमध्ये आपली कितीतरी मुले जातात. तेथे व्हर्संटसारखी परीक्षा घेतली जाते. पंधरा-वीस मिनिटांचा मामला. वाक्य मोठ्याने वाचा, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणा, विस्कटलेले शब्द जुळवून वाक्य करा, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगा. समोर माणूस नसतो, उत्तर ऐकून गुण यंत्र देते. पीटीईमध्येही बोलण्याचे गुण मुख्यत्वे संगणकच देतो. आयईएलटीएसमध्ये मात्र परीक्षक माणूस असतो आणि तो अकरा ते चौदा मिनिटे बोलतो.

यंत्रासमोर आपली मुले कोठे अडखळतात, हे त्यांच्या शिक्षकांशी बोलल्यावर आम्हाला समजले. व्याकरण पुष्कळांचे ठीक असते. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, मूल आधी उर्दूत किंवा मराठीत वाक्य तयार करते, मग त्याचे इंग्रजी करते. मध्ये थांबते, 'अं अं' करते. माणूस असला तर समजून घेईल, यंत्र त्या थांबण्याचे गुण कापते. दुसरी अडचण उच्चाराची. आपण उर्दूवाले 'स्कूल'ला 'इस्कूल' आणि 'स्टेशन'ला 'इस्टेशन' म्हणतो. आम्ही स्वतः आजही म्हणतो. आपसात त्याने काही बिघडत नाही, पण यंत्र लिहिलेल्या शब्दाशी बोललेला शब्द ताडून पाहते.

या दोन्ही दोषांवर औषध स्वस्त आहे. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन. कुरआन शरीफचे उच्चार शुद्ध व्हावेत म्हणून आपण मुलांना लहानपणापासून उस्तादांपुढे बसवतो. एकेक अक्षर जिभेवर कोठून निघते, ते शिकवतो. ज्या मुलाने ती मेहनत केली आहे, त्याला 'स्कूल' म्हणणे अवघड नाही. त्याला कोणी तरी समोर बसून ऐकणारा हवा, एवढेच.

तिसरी एक गोष्ट राहिली, टंकलेखनाची. संगणकावरच्या परीक्षेत निबंधही टाइप करावा लागतो. आयईएलटीएसमध्ये एका तासात दोन लेख लिहायचे, एक दीडशे शब्दांचा आणि एक अडीचशे शब्दांचा. मोबाइलवर अंगठ्याने सराईतपणे लिहिणारी मुले कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत बसतात. विचार डोक्यात असतो, बोटे मागे राहतात.

नोकरीच्या परीक्षेविषयी एक इशारा. कंपनी आपल्या गरजेसाठी परीक्षा घेते, तेव्हा तिचा खर्च सहसा कंपनीच करते. नोकरी देतो, आधी इंग्रजी चाचणीचे पैसे पाठवा, असे कोणी सांगितले तर सावध व्हावे. आणि आपण स्वतःही मालक आहोत, हे विसरू नये. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने हिशेबनिसाच्या जागेसाठी इंग्रजी संभाषणाची अट घातली. त्यांच्या दुकानात येणारे सर्व गिऱ्हाईक मराठी, उर्दू किंवा गुजराती बोलणारे. परदेशी मेलला उत्तरे देणारा माणूस हवा असेल तर इंग्रजी जरूर तपासावी. खातेवही लिहिणाऱ्याची इंग्रजी तपासून एका होतकरू मुलाला परत पाठवणे हा अन्याय आहे.

लबाडीचा भार कोणावर पडतो

आता एक कटू गोष्ट. बाजारात अशी माणसे फिरतात, जी सांगतात की तुम्ही फक्त पैसे द्या, परीक्षा दुसरा देईल. काही आईबाप याला व्यवहार समजतात. त्यांनी ब्रिटनमधील प्रकरण जाणून घ्यावे.

तेथे राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसा वाढवण्यासाठी टोइक नावाची इंग्रजी परीक्षा चालत असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने गुप्तपणे चित्रण करून दाखवले की लंडनमधील केंद्रांत विद्यार्थ्याच्या जागी दुसराच बसतो आणि निरीक्षक उत्तरे वाचून दाखवतो. गदारोळ झाला. परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेने २०११ ते २०१४ दरम्यानच्या सुमारे ५८ हजार परीक्षांचे आवाज तपासले. त्यातील शेकडा ५८ बाद ठरवल्या आणि शेकडा ३९ संशयास्पद ठरवल्या. म्हणजे शंभरात तीनच निष्कलंक राहिल्या! या आधारावर ब्रिटिश सरकारने हजारोंचे व्हिसा रद्द केले. दोन हजारांवर लोकांना जबरदस्तीने परत पाठवले, त्याहून कितीतरी जास्त स्वतःहून निघून गेले. त्यात भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते.

लबाडी झाली होती, यात वाद नाही. त्यासाठी गुन्हेही सिद्ध झाले. पण त्या वावटळीत प्रामाणिक मुलेही सापडली. ज्यांनी स्वतः परीक्षा दिली होती, त्यांनाही लबाड म्हटले गेले. शिक्षण अर्धवट राहिले, फी बुडाली, घरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही. अनेकांनी वर्षानुवर्षे न्यायालयात लढून आपले नाव निष्कलंक केले. ब्रिटनच्याच राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ च्या अहवालात म्हटले की काही लोकांवर चुकीचा आरोप झाला असण्याची शक्यता आहे.

आम्हाला यातून आपल्या धंद्याची आठवण होते. एका व्यापाऱ्याने ताक्यात दोन मीटर कमी भरले की बाहेरगावचा गिऱ्हाईक त्या एकट्याला दोष देत नाही, सबंध गावच्या मालावर शंका घेतो. मग खरे माप देणाऱ्याचाही ताका उलगडून मोजला जातो. मापात कपात करणाऱ्यांविषयी कुरआन शरीफमध्ये किती कडक शब्द आले आहेत, ते आपण सर्व जाणतो. परीक्षेत आपल्या जागी दुसऱ्याला बसवणे ही त्याच जातीची कपात आहे. आणि त्याचा भार आपल्या मुलावर पडतोच, पण ज्याने रात्री जागून अभ्यास केला त्या शेजाऱ्याच्या मुलावरही पडतो.

आपण काय करावे

नुसती तक्रार करून उपयोग नाही. आमच्या मते पुढील कामे आपल्या हातात आहेत आणि त्यांना फार भांडवल लागत नाही.

पहिले, पैसे भरण्यापूर्वी पाच प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे घ्यावीत. कोणती परीक्षा आणि तिचा कोणता प्रकार? प्रवेश देणारा किंवा नोकरी देणारा ती मानतो का? त्या देशाचे सरकार ती व्हिसासाठी मानते का? एकूण गुण किती आणि बोलणे, लिहिणे, वाचणे, ऐकणे या प्रत्येकात किमान किती? निकाल किती तारखेपर्यंत चालेल? ही उत्तरे एजंटाच्या तोंडून घेऊ नयेत. विद्यापीठाच्या आणि सरकारच्या स्वतःच्या माहितीतून मुलाने ती काढावीत आणि बापाला वाचून दाखवावीत.

दुसरे, फॉर्म मुलाने स्वतः भरावा. ज्याला परदेशात एकट्याने राहायचे आहे, त्याला फॉर्म भरता येत नसेल तर तयारी अपुरी आहे असे समजावे.

तिसरे, प्रत्येक मोहल्ल्यात एक शांत खोली असावी. उर्दू शाळांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात, काही ठिकाणी वाचनालये आहेत, जमातीचे हॉल आहेत. एक टेबल, एक संगणक, भरवशाचे इंटरनेट, एक इन्व्हर्टर आणि आतून बंद होणारे दार. चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून ठरवले तर एका लग्नाच्या मंडपाच्या खर्चात ही सोय उभी राहते. परीक्षेच्या दिवशी ज्याला हवी त्याला ती मिळावी, आणि एरवी तेथे मुलांनी टंकलेखन व मोठ्याने वाचन करावे. जागेबाबत परीक्षेचे नियम काय आहेत, ते खोली देण्यापूर्वी तपासावे.

चौथे, फीसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे, पण अट घालून. परीक्षेपूर्वी मुलाने किमान दोन सराव परीक्षा दिल्या पाहिजेत. बहुतेक परीक्षांचा सराव मोफत मिळतो. सरावात हवे तेवढे गुण येत नाहीत, तोवर खरी फी भरू नये. आधी शिकवणीचे पैसे द्यावेत, मग परीक्षेचे.

पाचवे, उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी मनातून कमीपणा काढून टाकावा. ही परीक्षा आज इंग्रजी किती येते एवढेच मोजते. मूल हुशार आहे की नाही, ते मोजत नाही. आपल्याच वस्तीतील कितीतरी मुले मातृभाषेत पाया पक्का करून पुढे इंग्रजीत चांगली झाली आहेत.

जॉबरच्या मुलाचे काय झाले, ते सांगून लेख संपवतो. एजंटाने एक पैसाही परत केला नाही. दुसऱ्या वेळच्या फीचा अर्धा भाग आम्ही उचलला. ते उपकार नव्हते, आमची चूक होती, तिची भरपाई होती. या वेळी मुलगा दुकानात आमच्यासमोर बसला, फॉर्म त्याने स्वतः भरला आणि 'अकॅडेमिक' या शब्दावर बोट ठेवून आम्हाला दाखवला. त्याचे वडील शेजारी उभे होते. इंग्रजी त्यांना येत नाही, तरी त्यांनी वाकून ती चौकट नीट पाहिली आणि मगच म्हणाले, "हं, आता भर पैसे."